खरजेच्या किड्याचा प्रवास

गल्लीतील एखाद्या कुत्र्याच्या अंगावरचे केस झडतात, कातडी जाड व खपलीदार होते आणि ते दिवसभर अंग खाजवत राहते. अशा कुत्र्याला लूत भरली आहे, असे म्हणतात. लोक त्याला हाकलून देतात. घरात कोणाला खरूज झाली, तर पहिला संशय बहुधा या कुत्र्यावरच येतो. हा संशय कितपत खरा आहे?

लुतीचे काही प्रकार आहेत. त्यांपैकी एका महत्त्वाच्या प्रकाराला आणि माणसाच्या खरजेला एकाच जातीचा परजीवी कारणीभूत असतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘सार्कोप्टिस स्केबिआय’ असे आहे. व्यवहारात त्याला खरजेचा किडा म्हणत असले, तरी तो कीटक नव्हे. प्रौढ किड्याला ८ पाय असतात. तो कोळी व गोचीड यांच्या वर्गातील आहे. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती त्वचेच्या वरच्या थरात बोगदा कोरते आणि त्यात रोज २-३ अंडी घालते. किडा, त्याची अंडी व विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देते, तिच्यामुळे खाज सुटते.

शरीरातील दोष बिघडल्यामुळे खरूज होते, असे पूर्वी मानले जाई. १६८७ साली इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हा किडा पाहिला आणि तोच खरजेचे कारण असल्याचे सांगितले. वैद्यकाला हे पटण्यास मात्र सुमारे दीडशे वर्षे लागली.

या किड्याचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या प्राण्यांच्या अंगावर राहण्यास सरावलेले असतात. कुत्र्यावरील किडा माणसाच्या अंगावर आला, तर काही दिवस खाज सुटते. परंतु तेथे त्याचा वंश टिकत नाही. माणसाची खरूज पसरते ती मुख्यतः माणसाकडून माणसाकडेच, दीर्घकाळच्या अंगस्पर्शाने. उलट, हा परजीवी मुळात माणसाचा असावा. माणसाकडून तो पाळीव जनावरांकडे आणि त्यांच्याकडून वन्य प्राण्यांकडे गेला असावा, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

मूळ काहीही असो, त्याच्या प्रसारात माणसाचा हात आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९०५ साली एक कायदा झाला. त्यानुसार पकडलेल्या लांडग्यांना मुद्दाम लूत लावून पुन्हा रानात सोडले जाई. लांडग्यांचा नायनाट हा त्यामागचा हेतू होता. पुढे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे १९९५ पासून पुन्हा आणून सोडण्यात आले. २००७ मध्ये त्यांच्यातही लूत आढळली. ऑस्ट्रेलियात युरोपीय वसाहतकारांनी आणलेल्या जनावरांबरोबर हा किडा पोहोचला, असे मानले जाते. तेथील वोंबट हा बिळात राहणारा प्राणी. एकाच बिळात आळीपाळीने अनेक वोंबट येत असल्यामुळे रोगाला वाट मिळते. टास्मानियातील नारॉनटापू राष्ट्रीय उद्यानात २०१० ते २०१७ या काळात वोंबटांची संख्या ९४ टक्क्यांनी घटली. स्वीडनमध्ये १९७० नंतरच्या दशकांत खोकडांमध्ये लूत पसरून ती फार कमी झाली, तेव्हा त्यांचे भक्ष्य असलेले ससे वाढले. एका सूक्ष्म जीवामुळे साऱ्या रानाचा तोल बदलू शकतो, तो असा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. जगात कोणत्याही वेळी सुमारे २० कोटी लोकांना खरूज असते, असा अंदाज आहे. दाटीवाटीने राहावे लागते, तेथे ती लवकर पसरते. तो अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. तरीही लाजेमुळे अनेकजण ती लपवतात आणि त्यामुळे रोग फैलावतो. प्रथमच लागण झालेल्याला खाज सुटण्यास ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर तो निरोगी वाटला, तरी त्याच्याकडून इतरांना लागण होऊ शकते. म्हणूनच खाज एकालाच असली, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात.

कुत्र्याची लूतही पशुवैद्याच्या औषधाने बरी होते. हाकलून दिलेले कुत्रे मात्र रोग बरोबर घेऊनच दुसऱ्या गल्लीत जाते. माणूस असो वा जनावर, रोग्याला दूर लोटल्याने रोग दूर होत नाही.