हिवताप, झाडपाला आणि आपले रक्त

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा म्हटले की तलाव आणि जंगल डोळ्यांपुढे येते. अशा जंगलपट्ट्यात हिवताप पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून राहिला व आपल्या रक्तावरही खूण ठेवून गेला. ती खूण म्हणजे सिकलसेल.

विदर्भात आदिवासी, बौद्ध, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत हा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातील छोट्याशा बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघांकडून ते जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक ठरते. वाहकाला बहुधा त्रास नसतो. उलट जीवघेण्या हिवतापापासून त्याला संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. म्हणूनच हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकले. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, की कोणा जातीचा कलंकही नव्हे. अपत्याला गुण आई-वडिलांकडून मिळतात, या विज्ञानाच्या आधारेच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची चिकित्सा केली आहे.

मग झाडपाल्याचे काय? चीनचे उदाहरण पाहा. थू यूयू या संशोधिकेने चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात हिवतापावरील एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्याचा उपाय वाचला. उकळल्याने गुण जात असावा, असे ताडून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. प्राण्यांवर तपासला, मग सहकाऱ्यांसह स्वतः घेतला. १९७२ मध्ये त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ मध्ये नोबेल मिळाले. परंपरा त्यांनी फेकली नाही व डोळे झाकून गिळलीही नाही. कालाम सुत्ताची शिकवण याहून वेगळी ती काय?

हीच कसोटी सिकलसेलला लावू या. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ते बनविणारी जनुके नष्ट होत नाहीत, त्यांना जणू रासायनिक कुलूप लागते. म्हणून बाळाला त्रास साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते व वेदनेचे झटके कमी होतात. मात्र ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. आजार मुळासकट घालविण्याचा दावा करणाऱ्या जडीबुटीसाठी दागिने गहाण टाकू नका. रुग्ण मुलाला ताप आला, छाती दुखू लागली वा पोट फुगले तर वैदूकडे वेळ न दवडता दवाखाना गाठा.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. बंधू-भगिनींनो, पत्रिका आपण केव्हाच सोडली. आता सोयरिकीआधी मुलगा-मुलगी दोघांचेही रक्त तपासा. वाहक निघाले म्हणून कोणाची सोयरीक मोडून बदनामी करू नका. समजून उमजून निर्णय घ्या.