मॉडेलवर माथेरानची धूळ

रंगकाम कितीही सफाईदार झालं, तरी वापराच्या खुणा नसतील तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. या खुणा उमटवायला पिगमेंट वापरतात. पिगमेंट म्हणजे लोहाची ऑक्साइडं, माती, काजळी यांची तलम कोरडी पूड. पेंटमध्ये असतो तसा चिकटवणारा घटक तिच्यात नसतो, आणि पुढची सगळी काळजी त्यामुळेच घ्यावी लागते.

नेरळ-माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल समोर आहे असं धरू. १९०७ साली सुरू झालेल्या या दोन फुटी रुळांच्या गाडीसाठी ही इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीनं बांधली होती.

धूळ कुठली?

माथेरानची माती जांभ्याची, तांबडी. ती चाकांवर, ब्रेकच्या दांड्यांवर आणि पायऱ्यांवर जास्त बसणार, टाकीच्या उभ्या बाजूंवर जेमतेम. काजळी मात्र वरून येते: धुराड्याचं तोंड, बॉयलरची पाठ, केबिनचं छप्पर. ब्रश हातात घेण्याआधी जुने फोटो निरखून पाहावेत. सगळीकडे सारखी धूळ फासलेलं इंजिन कुठलंच वाटत नाही.

पृष्ठभाग

चकचकीत रंगावर पूड टिकत नाही. नंबर, पट्ट्या आणि वॉश (खाचांत मुरणारा पातळ रंग) आटोपले की मॅट वार्निशचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा.

लावणं

मास्क लावून, पंखा बंद करून बसावं. दोन-तीन छटा मिसळाव्यात, कारण खरी धूळ एकरंगी नसते. मऊ ब्रशनं पूड कोपऱ्यांत सोडावी आणि जास्तीची कापसाच्या काडीनं वरून खाली ओढावी. पावसाचे ओघळही तसेच उतरतात. थर पातळच हवा. १:३५ प्रमाणात एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या इंजिनावर साडेतीन सेंटिमीटर चिखल!

पक्कं करणं

ब्रशच्या टोकानं पिगमेंट फिक्सरचा थेंब कडेला टेकवावा, तो आपोआप पसरतो. थेट पुडीवर ब्रश फिरवला तर डाग पडतात. नुसतं व्हाइट स्पिरिट वापरलं तर पकड कच्ची राहते, शिवाय खाली एनॅमल असेल तर ते विरघळूही शकतं. ओलं असताना रंग गडद दिसतो, म्हणून निकाल वाळल्यावरच ठरवावा.

वरून पुन्हा वार्निश फवारू नये. फिकट धूळ त्यात जवळपास नाहीशी होते. धुराड्याची काजळी तर मी कोरडीच ठेवतो आणि मॉडेल उचलताना तिथे बोट लावत नाही.