बारीक अंगातली साखर

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांच्या मुलांचीही वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली. ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्म्यांचे वजन कमीच भरले. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर प्रमाणाबाहेर निघाली. खेड्यात वाढलेली, अंगाने किडकिडीत अशी ही मुले.

‘आमचा बारीकच आहे, त्याला कसला आलाय डायबेटिस?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे आकडे पुन्हा वाचावेत.

आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण कमी असतात ते मुख्यतः स्नायू. चरबी मात्र शरीर राखून ठेवते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

म्हणून सगळे खापर मुलांच्या सवयींवर फोडणे मला पटत नाही. धोक्याचा बराच भाग ती जन्माला येण्याआधीच ठरलेला असतो. पण सोळा ते एकोणीस या वयात आपणच त्यांचा दिवस असा आखून देतो की तो धोका बळावलाच पाहिजे. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, मध्ये वडापाव आणि कोल्ड्रिंक, रात्री एकपर्यंत अभ्यास किंवा मोबाइल. अर्ध्या लिटरच्या कोलात पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे दहा चमचे. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, हेही सिद्ध झालेले आहे.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र खेळ सुटल्याने होते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे मुख्य कोठार म्हणजे स्नायू. ज्याच्याकडे मुळात ते कोठार लहान, त्याने दहावीनंतर मैदान सोडले की साखरेने जायचे कुठे? मुलींचे मैदान तर त्याच्याही आधी सुटते, आणि त्याची खंत घरात कुणालाच वाटत नाही.

काही खुणा डोळ्यांना दिसतात. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. घरोघरी तिला मळ समजून बेसन-लिंबू लावून घासतात. ती घासून जात नाही, कारण इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचे ते बहुतेक वेळा लक्षण असते. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर तीही खूणच.

आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल किंवा मूल जन्मतः अडीच किलोहून कमी वजनाचे असेल, तर ते बारीक असले तरी उपाशीपोटी साखर एकदा तपासून घ्या. १०० ते १२५ हा आकडा म्हणजे इशारा, आणि या टप्प्यावर पुष्कळ काही सावरता येते. बारावीच्या वेळापत्रकात रोज एक तास खेळाचा लिहा, आणि परीक्षेच्या महिन्यातही तो खोडू नका.