लहान घर, उघडे दार

नागपुरात वैशाख हा उन्हाचा महिना, लग्नांचा महिना आणि पाहुण्यांचाही महिना. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात, शाळांना सुट्या लागतात, लेकी माहेरी येतात. गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, यवतमाळ अशा चहूकडच्या गावांतील नातलग मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणून याच शहराची वाट धरतात. रामटेकचे शांतिनाथ, भद्रावतीचे केसरिया पार्श्वनाथ किंवा मुक्तागिरी यांच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरूही जाता-येता नागपूरला उतरतो. पूर्वी इतवारीत माल भरायला आलेला बाहेरगावचा दुकानदार पेढीच्या मालकाकडे जेवल्याशिवाय परतत नसे. व्यापारी घराण्याची पत वहीत जशी दिसे, तशीच ती पंगतीतही दिसे.

आज त्याच घराण्यांतील तिसरी-चौथी पिढी वर्धमाननगर, लकडगंज, रामदासपेठ अशा वस्त्यांत दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत किंवा छोट्या भूखंडावरील घरांत राहते. मने आटली आहेत असे नाही. पण ‘केव्हाही या’ या निमंत्रणाच्या जागी ‘येण्याआधी फोन करा’ ही सूचना आली आहे. ‘अतिथी’ या शब्दाचा अर्थच ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. तिथी ठरवूनच यायचे असेल, तर या व्रताचे काय होते, हा प्रश्न अनेक घरांत न बोलता उभा आहे. त्याचे उत्तर बहुधा एकाच शब्दात दिले जाते: जागा नाही.

हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. मोठे घर बांधा, असे आपली परंपरा सांगत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख प्रारंभीच येतो. म्हणजे घराला मर्यादा घालायची आणि दार मात्र अनेकांसाठी उघडे ठेवायचे, अशी दुहेरी अपेक्षा श्रावकाकडून आहे. ती परस्परविरोधी वाटते, कारण ‘घर’ म्हटले की आपण चौरस फूट मोजतो आणि मांडणीचा विचार मागे राहतो.

इतवारी-महाल भागातील जुनी घरे या दृष्टीने पाहावीत. त्यांचा दर्शनी भाग अरुंद आणि खोली मोठी. समोर ओटा, मग दुकान किंवा सपरी, मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. या घरांत ‘पाहुण्यांची खोली’ अशी वेगळी खोली फार थोड्या ठिकाणी होती. दिवसा ज्या गादीवर हिशेब लिहिले जात, त्याच गादीवर रात्री पाहुणा झोपे. ओसरीवर सकाळी धान्य निवडले जाई आणि दुपारी पंगत बसे. उन्हाळ्यात सारे घर गच्चीवर झोपायला जाई. एकेका जागेला तीन-तीन कामे होती, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ माणसे सामावत. आजच्या घरात प्रत्येक कामाला स्वतंत्र, जड आणि न हलणारे फर्निचर आहे. जागा माणसांनी नव्हे, सामानाने अडवली आहे.

नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. लहान घर आणि अखंड पाहुणे यांचे याहून मोठे उदाहरण विदर्भात नाही. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. घर बांधून देणारे जमनालाल बजाज हे स्वतः व्यापारी. बांधकाम स्थानिक साहित्याचे असावे आणि खर्च शंभर रुपयांच्या आत राहावा, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू आणि कौले यांनी उभ्या राहिलेल्या ‘आदिनिवासा’त प्रारंभी गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि आलेगेले पाहुणे एकाच छपराखाली राहत. जमिनीवर चटई, भिंतीला फळी, मोजके सामान. देशाचे नेते तेथे येऊन बसत, आणि बसायला खुर्ची नाही म्हणून कोणाची अप्रतिष्ठा होत नसे.

मात्र सेवाग्रामची गोष्ट येथे संपत नाही. सतत माणसांचा राबता असलेल्या त्या एकाच घरात कस्तुरबांची कुचंबणा होऊ लागली. स्त्रीला क्षणभर दार लोटून बसावे असा कोपराच नव्हता. हे जमनालालजींच्या लक्षात आले आणि त्यांनी त्यांच्यासाठी वेगळी छोटी कुटी बांधवली. ती ‘बा कुटी’ आजही आश्रमात पाहता येते. पाहुण्यांसाठी घर बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आदिनिवासाइतकीच बा कुटीही मनात ठेवावी. आतिथ्याचा खर्च केवळ पैशांत मोजून चालत नाही. तो घरातल्या कोणाच्या तरी विश्रांतीतून, कोणाच्या तरी एकांतातून वसूल होत असतो, आणि बहुतेक घरांत ती ‘कोणी तरी’ सून असते.

शास्त्रात दान चार प्रकारचे सांगितले आहे: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. लहान घराचा नकाशा याच चार शब्दांवर बेतता येतो.

आहार

चौदा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी बैठक घ्यावी. पाटावर बसणाऱ्या माणसाला साधारण दोन फूट रुंदी लागते. पाट आणि ताट मिळून तीन फूट खोली जाते. दोन्ही लांब भिंतींना पंगत मांडली तर वाढणाऱ्यांना मध्ये चार फुटांची वाट उरते आणि दारापाशी एकेक जागा सोडूनही बारा माणसे जेवतात. याच खोलीत सहा जणांचे टेबल मांडले, तर खुर्च्या मागे ओढायच्या जागेसह जवळजवळ दहा बाय आठ फूट जागा कायमची जाते आणि जेवतात सहाच. यासाठी दारे आखूड भिंतींत असावीत, लांब भिंती सलग राहाव्यात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी आखूड भिंतीच्या उरलेल्या भागात सतरा इंच उंचीचा, दीड फूट रुंद कट्टा बांधावा. त्यावर तीन-चार जण सुखाने बसतात आणि वर उघडणारे झाकण असले की आत सतरंज्या, चादरी, पातळ गाद्या राहतात. रात्री याच बैठकीत अडीच-अडीच फुटांच्या पाच गाद्या पडतात आणि पायथ्याशी साडेतीन फुटांची वाट मोकळी राहते.

आपले जेवण सूर्यास्तापूर्वीचे. नागपुरात कार्तिक-मार्गशीर्षात साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, ज्येष्ठात सातच्या आसपास. हिवाळ्यात दुकानातून परतलेली माणसे आणि पाहुणे एकाच अर्ध्या तासात जेवायला बसतात, हे ध्यानात घेऊन ओटा दोघींना, किंवा दोघांना, एकाच वेळी काम करता येईल इतका लांब हवा. मोठ्या स्वयंपाकासाठी मागच्या अंगणात शेगडीची पक्की जागा ठेवली तर घर तापत नाही.

साधु-साध्वींच्या आहाराचा विचार नकाशातच व्हावा. दिगंबर परंपरेत पडगाहन करताना दारासमोर मुनिराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या जातात. म्हणून फाटक आणि उंबरठा यांच्यामध्ये मोकळी, कोरडी जागा हवी. तेथे गवत आणि कुंड्यांची दाटी नको. मुनिराज उभ्याने, करपात्री आहार घेतात. चौक्याच्या जागेत दाता आणि घरची मंडळी भोवती उभी राहू शकतील इतके मोकळेपण हवे. श्वेतांबर परंपरेत गोचरीला आलेल्या महाराजसाहेबांसाठी दिवा लावायचा नसतो; म्हणून स्वयंपाकघरात दिवसाउजेडी विजेवाचून स्वच्छ दिसले पाहिजे. सचित्त पाणी आणि हिरवी भाजी यांचा तयार अन्नाला स्पर्श होऊ नये, यासाठी धुण्याचे कुंड ओट्याच्या एका टोकाला आणि शिजलेले अन्न दुसऱ्या टोकाला अशी रचना सोयीची. रामटेकसारख्या जवळच्या क्षेत्री चातुर्मास असला की विहार करणाऱ्या संघाचा लाभ मिळण्याची शक्यता असते. त्या वेळी घर ऐनवेळी रिकामे करावे लागू नये.

औषध

नागपूरला येणाऱ्या पाहुण्यांत रुग्ण आणि त्याची सोबत करणारा नातलग यांचे स्थान मोठे आहे. त्यांच्यासाठी तळमजल्यावर नऊ बाय दहाची एक खोली पुरे. एरवी ती घरच्या आजी-आजोबांची किंवा वाचनाची असू शकते. दार तीन फुटांचे, उंबरठा सपाट, पलंगाला दोन्ही बाजूंनी जाता येईल अशी जागा आणि शौचालय शेजारीच. शौचालय आणि न्हाणीघर वेगवेगळे ठेवून हात धुण्याचे कुंड बाहेर घेतले, तर त्याच जागेत एका वेळी तीन माणसांची सोय होते. सकाळी पूजेपूर्वी सर्वांनाच स्नान करायचे असलेल्या घरात हा फरक रोज जाणवतो.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित महारोगाने ग्रासलेले असताना सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगाची भीती किती होती हे सांगायला नको. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. आजारी माणसाला घराच्या टोकाला न ठेवता हाकेच्या अंतरावर ठेवणे हाही घराच्या रचनेचाच भाग आहे.

शास्त्र

पाहुणे आले म्हणून मुलाचा अभ्यास आणि आजीचा स्वाध्याय बंद पडू नये. जिन्याखाली किंवा खिडकीशी चार फुटांची एक जागा, भिंतीत ग्रंथांचे फडताळ, एक उतरते मेज आणि बैठकीकडे पाठ असेल अशी बसण्याची दिशा, एवढ्याने काम भागते. जिना शक्यतो बाहेरच्या बाजूने असावा, म्हणजे गच्चीवर निजणाऱ्या मंडळींना कोणाच्या झोपायच्या खोलीतून जावे लागत नाही. गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचा पांढरा हात दिला की खालच्या खोल्यांचा ताप कमी होतो. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात जिना, न्हाणीघर आणि कोठार पश्चिमेला घेतले, तर तीच घराची ढाल होतात. कूलरची हवा आत घेतली तर ती बाहेर पडायला समोर झरोका हवाच. नाही तर बारा माणसांच्या खोलीत थंडाव्याऐवजी दमटपणा भरतो.

अभय

चौथे दान सर्वांत अवघड. अभय आधी जीवमात्राला: फटी बुजवलेल्या भिंती, जाळीची तावदाने, रात्री कोरडे राहणारे कुंड, पाणी गाळण्याची ठरलेली जागा आणि साठून न राहणारे कूलरचे पाणी. कीटक घरात होऊच न देणे ही त्यांना मारण्याची वेळ टाळण्याची एकमेव वाट आहे.

मग अभय पाहुण्याला: आपली पिशवी कोठे ठेवावी, ओले धोतर-दुपट्टा कोठे वाळत घालावा, रात्री पाणी कोठे मिळेल, हे त्याला विचारावे लागू नये. एक खुंटी, एक दोरी, एक रिकामा कोनाडा, झाकलेला माठ. पाहुण्याचा संकोच एवढ्याने निम्मा होतो.

आणि शेवटी अभय घरातल्या माणसांना. किती लहान असली तरी चालेल, सात बाय आठची का होईना, एक खोली अशी असावी की जिथे पाहुण्याची पेटी कधीच जाणार नाही. तिला आतून कडी असावी. तिच्यात घरची सून भर दुपारी, घर भरलेले असताना, अर्धा तास आडवी होऊ शकली पाहिजे, आणि तिने तसे केले म्हणून कोणाच्या कपाळावर आठी उमटू नये. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या भिंतीत रुंद खिडकी ठेवली, तर बाहेर चाललेल्या गप्पांत तिलाही वाटा मिळतो आणि ताटे उचलून वाढायला पुरुषांचे हातही सहज पुढे येतात. ही खिडकी बांधायला गवंड्याला फार वेळ लागत नाही. ती वापरायला मात्र घराने शिकावे लागते.

नवे घर बांधणाऱ्यांनी किंवा सदनिका सजवणाऱ्यांनी फर्निचरची यादी करण्याआधी हा एक हिशेब मांडावा. वर्षातून किती दिवस घरी पाहुणे असतात, एका वेळी जास्तीत जास्त किती, त्यांत वृद्ध किती, रुग्ण किती आणि त्यांची सरबराई कोण करते? व्यापारी माणसाला हिशेब नवा नाही. या हिशेबातली शेवटची नोंद करायची तेवढी राहून जाते. ती नोंद करूनच नकाशा काढला, तर अवेळी दारावरची घंटा वाजल्यावर घरातल्या कोणाच्याही पोटात गोळा येणार नाही. आतून ‘जय जिनेन्द्र, या, बसा’ असे शब्द येतील, आणि ते म्हणणाऱ्याच्या मनातही तेच असेल.