उन्हाळ्यातली खाडी रिकामी नसते

पक्षी बघायचे तर थंडीतच, हा समज जामसंडे-देवगडच्या खाडीपुरता तरी बदलायला हवा. थंडीत इथे पक्ष्यांची संख्या जास्त दिसते हे खरं, पण त्यांचं जगणं उलगडतं ते उन्हाळ्यात. वाळूवर पळणारे छोटे चिखले हिवाळाभर मातकट दिसतात. एप्रिलमध्ये त्यांच्याच छातीवर तांबूस पट्टा चढतो आणि ते तिबेटच्या पठाराकडे विणीला निघतात. सगळेच जात नाहीत. पहिल्या वर्षाची पिल्लं बऱ्याचदा किनाऱ्यावरच राहतात, म्हणून मे महिन्यातही ओहोटीच्या चिखलात फिक्या रंगाचे चिखले चरताना दिसतात.

कुणी म्हणेल, स्थानिक पक्षी तर बारमाही दिसतात, मग उन्हात कशाला तापायचं? कारण त्यांची वीण याच दिवसांत चालते. टिटवी उघड्या जमिनीवर साधारण चार ठिपकेदार अंडी घालते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि तापलेली अंडी गार ठेवते. उन्हाचा प्रश्न वेळ साधली की सुटतो: ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे भरती-ओहोटीचं कोष्टक बघून सकाळची ओहोटी असलेला दिवस निवडावा. घरट्यांना त्रास होईल, ही हरकत मात्र रास्त आहे. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की फोटोचा मोह सोडून मागे फिरावं. तेवढ्या वेळात अंडी उन्हात उघडी पडलेली असतात.