परवाना खिशात असलेला वायरमन

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी सात-साडेसातला एकच गर्दी उसळते. पहिल्या पाळीला निघालेली माणसं, शेअर रिक्षांच्या रांगा, कंपन्यांच्या बसगाड्या. या गर्दीत पक्कड, टेस्टर आणि टेपची गुंडाळी भरलेली पिशवी खांद्याला लावलेला वायरमन हमखास दिसतो. पुढे पास्थळ-सालवडच्या बाजूला एमआयडीसी पसरली आहे आणि तिच्याही पलीकडे, अगदी समुद्राला लागून, तारापूरचं अणुवीज केंद्र. देशातली पहिली अणुवीज इथलीच. १९६९ साली पहिले दोन संच चालू झाले. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच आले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. उत्तरेला डहाणूत ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे.

इतकी वीज जिथे तयार होते, तिथे रोज तारेला हात लावणारी माणसं ते काम शिकली कुठे? आणि ते करण्याचा कायद्याने दिलेला अधिकार त्यांच्यापाशी आहे का? नव्या घराचं वायरिंग करून घेताना आपण तारेचा ब्रँड विचारतो, स्विच कोणते बसवणार ते विचारतो. वायरमनला परवाना आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. हा प्रश्न घरोघरी विचारला जावा, यासाठीच हा लेख.

कायदा या बाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने निघाले, पण गाभा तोच राहिला. विजेच्या मांडणीचं काम राज्य सरकारची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदारानेच घ्यायचं. ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायला हवं आणि करणाऱ्याच्या हातात परवाना हवा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला सूट आहे. पण नवी लाइन ओढली, भार वाढवला, एसीसाठी वेगळा पॉइंट काढला, की सूट संपली. महाराष्ट्रात हे तिन्ही कागद अनुज्ञापक मंडळ देतं आणि त्याची सूत्रं मुख्य विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडे असतात. जुने कारागीर अजूनही याला ‘पीडब्ल्यूडीचं लायसन’ म्हणतात.

प्रत्यक्षात काय घडतं, ते एमआयडीसीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळेल. दहावीनंतर किंवा त्याआधीच शाळा सुटलेला पोरगा एखाद्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतो. सुरुवातीला पाइप कापणं, भिंतीला खाचा मारणं, केबल ओढणं. वर्षभराने उस्ताद त्याला जोडण्या करू देतो. तीन-चार वर्षांत पोरगा मोटर जोडतो, स्टार्टर दुरुस्त करतो, पॅनल उघडतो. हात सफाईदार होतो. फक्त हे असंच का जोडायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. न्यूट्रल तुटला की घरातला टीव्ही का जळतो, अर्थिंगची तार बारीक घेतली तर काय होतं, तीस मिलिअॅम्पियरला पडणारा आरसीसीबी माणूस वाचवतो आणि साधा एमसीबी का वाचवत नाही, हे त्याला कळतं ते फार तर धक्के खाऊन. या मुलांना कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. निम्मी एमआयडीसी त्यांच्या हातांवर चालते. त्यांना सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही, दोष तिथे आहे.

शिकण्याचा सरळ रस्ता आयटीआयतून जातो. पालघर जिल्ह्यात सरकारी आयटीआय पालघरलाही आहे आणि जव्हारसारख्या डोंगरी तालुक्यातही. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही व्यवसाय दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी लागते, तारतंत्रीला आठवीवरही प्रवेश मिळतो. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात आणि मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. वीजतंत्रीच्या यादीत त्या जागा घेणाऱ्या मुली अजून थोड्याच दिसतात. वास्तविक महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ खांबावर चढतात, फीडर सांभाळतात. गावातल्या एखाद्या मुलीने त्यांना एकदा काम करताना पाहिलं, तरी तिच्या घरचा विरोध अर्धा सैल होईल.

पहिल्या वर्षाची कार्यशाळा बाहेरच्याला रटाळ वाटेल. मुलं आधी कानस चालवायला शिकतात, लोखंडाचा तुकडा काटकोनात घासतात. मग तारांचे जोड येतात: ब्रिटानिया, मॅरिड, टी. तार सोलताना आतल्या तांब्याला ओरखडा पडला तर निदेशक तुकडा फेकून द्यायला लावतात. त्याला कारण आहे. ओरखडा पडला तिथे तार बारीक होते, तिथेच तापते आणि वर्ष-दोन वर्षांनी तिथूनच जळते. त्यानंतर लाकडी बोर्डावर घराचं वायरिंग, जिन्याचा दोन स्विचवर चालणारा दिवा. दुसऱ्या वर्षी मोटरचं वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, पॅनल. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि देशभर चालणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र.

इथे पुष्कळ मुलं थांबतात आणि नुकसान करून घेतात. पुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. तारापूर एमआयडीसीत या आकड्यात बसणारे कारखाने रग्गड आहेत. औषधं, रसायनं, कापड, पोलाद असं सगळं इथे आहे. अणुवीज केंद्रही वीजतंत्री, जोडारी अशा व्यवसायांचे शिकाऊ उमेदवार घेतं आणि प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञांसाठी तिथे स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र आहे. आयटीआयच्या बोर्डावर २३० व्होल्ट हाताळलेला मुलगा कारखान्यात ४१५ व्होल्टच्या पॅनलपुढे उभा राहतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा खऱ्या कामाचा अंदाज येतो.

उमेदवारीत शिकायची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लाइन बंद करण्याची शिस्त. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, स्विच खाली ओढला की झालं. नीट शिकवलेला वायरमन असं काम करत नाही. तो आधी ब्रेकर पाडतो, मग आयसोलेटर उघडतो. त्यावर स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो. वर ‘माणूस कामावर आहे’ अशी पाटी लटकवतो. त्यानंतर टेस्टर काढतो आणि तो आधी चालू असलेल्या दुसऱ्या लाइनवर लावून बघतो, कारण बिघडलेला टेस्टर सगळ्याच तारा मेलेल्या दाखवतो. मग आपली लाइन तिन्ही फेजवर तपासतो आणि टेस्टर पुन्हा चालू लाइनवर लावून खात्री करतो. उच्च दाबाची लाइन असेल तर डिस्चार्ज रॉडने उरलेला भार जमिनीत सोडतो आणि लाइन अर्थ करून ठेवतो. एवढं झाल्यावर पहिला पाना लागतो. सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं जातात. मशीन बंद पडलेलं असतं, उत्पादन थांबलेलं असतं आणि मागे उभा राहिलेला कुणीतरी म्हणत असतो, ‘अरे, दोन मिनिटांचं काम आहे, चालू लाइनवरच कर ना!’

त्या क्षणी परवान्याची खरी किंमत कळते. परवाना नसलेल्या हेल्परला ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हटलं तर उद्या त्याच्या जागी दुसरा येतो. परवानाधारकाला ‘साहेब, या कामाचं लेखी परमिट काढा, लाइन बंद करा, मगच हात लावतो’ असं म्हणायला कायद्याचा आधार आहे. अपघात झाला तर २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, चौकशी होते. काम कोणी केलं, त्याच्याकडे परवाना होता का, देखरेख कोणाची होती, हेच प्रश्न तिथे पहिले असतात. कागद नसलेल्या माणसाच्या बाबतीत सगळी चूक त्याच्याच बेफिकिरीवर ढकलणं फार सोपं होऊन बसतं, आणि मेलेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही. म्हणून मला परवाना हा कामगाराचा हक्क वाटतो. सरकारचा तगादा म्हणून त्याकडे बघणं म्हणजे स्वतःचंच संरक्षण नाकारणं आहे.

तारापूरला याचं महत्त्व दुप्पट आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पाइप गंजतात आणि रसायनांच्या वाफेने तांब्याची टर्मिनलं काळी पडतात. ज्वालाग्राही द्रावण वापरणाऱ्या विभागांत दिवे, मोटरी, स्विच सगळं फ्लेमप्रूफ लागतं. फ्लेमप्रूफ पेटीच्या झाकणाला चांगले जाड, भरपूर बोल्ट असतात. आत ठिणगी पडून वायू पेटला तरी ज्वाळा झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हावी, अशी ती रचना. दुरुस्तीनंतर घाईत दोन बोल्ट लावायचे राहिले, किंवा केबल आत घेणारी ग्लँड साधी बसवली, किंवा रिकामं भोक तसंच सोडलं, की पेटी दिसायला फ्लेमप्रूफ आणि कामाला निरुपयोगी. टाकीत द्रावण ओतताना स्थिर वीज साठू नये म्हणून पाइप आणि टाकी तारेने एकमेकांना व जमिनीला जोडतात. ती तार काढून ठेवली तर कुठलाही दिवा विझत नाही, कुठलंही मशीन थांबत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा ठिकाणी ‘का’ माहीत असलेला माणूसच हवा.

अर्थिंगचंही तसंच आहे. कोळसा-मीठ घालून पुरलेला अडीच मीटरचा पाइप एकदा गाडला की लोक विसरून जातात. नियमाप्रमाणे अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, निदान दोन वर्षांतून एकदा मोजून नोंदवायचा असतो. पावसाळ्यात मोजलं तर ओल्या जमिनीमुळे आकडा नेहमीच चांगला येतो. आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. बोईसर-पालघरच्या नव्या इमारतींतल्या सोसायट्यांनी आपल्या इमारतीचं शेवटचं मोजमाप कधी झालं, एवढं जरी कार्यालयात विचारलं तरी बरंच उजेडात येईल.

परवान्यानंतरचा रस्ताही मोठा आहे. पुढचं शिक्षण आणि अनुभव यांवर पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र आणि पुढे स्वतःची ठेकेदाराची अनुज्ञप्ती घेता येते. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून शिरायलाही वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं. तिथे आधी तीन वर्षं मानधनावर काढून मग तंत्रज्ञ होता येतं. जव्हार-मोखाड्यातून हंगामी मजुरीला बाहेर पडणाऱ्या घरातल्या मुलासाठी वर्षभर घरी पगार आणणाऱ्या कामाचा हा एक जवळचा मार्ग आहे. त्याला गरज असते ती बोईसरला राहायच्या सोयीची, अवजारांच्या पेटीची आणि अर्ज नीट भरून देणाऱ्या एखाद्या जाणत्याची.

आणि ज्यांची दहा-पंधरा वर्षं हेल्परीत गेली, त्यांचं काय? त्यांनी पुन्हा दोन वर्षं बाकावर बसावं, असं कुणी म्हणणार नाही. अनुभवाच्या दाखल्यावर खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय आहे आणि आधीच्या कौशल्याला मान्यता देणारे छोटे अभ्यासक्रमही आहेत. अडचण येते ती दाखल्याचीच. ज्या ठेकेदाराकडे माणूस राबला, त्याने हजेरी, पगारपत्रक काही ठेवलेलं नसतं. तेव्हा आज हेल्परी करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पगाराची पावती आणि कामाचा लेखी दाखला मागून ठेवावा. भविष्य निर्वाह निधीचा उताराही जपून ठेवावा, तो पुढे कामाचा पुरावा ठरतो.

घरमालकांसाठीही थोडं. नवीन जोडणीचा अर्ज करताना महावितरण परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतं. जागा न बघता केलेली सही मिळते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, आणि आपणही वेळ वाचतो म्हणून ती चालवून घेतो. तसं करू नये. ठेकेदाराला घरी बोलवा आणि मेगर, म्हणजे तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावून दाखवायला सांगा. पाचशे व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन तार आणि अर्थ यांच्यामधला रोध निदान एक मेगओहम यायला हवा. काटा किंवा आकडा तुम्हीच वाचा आणि रिपोर्टवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. मग ठेकेदाराचा अनुज्ञप्ती क्रमांक आणि काम करणाऱ्या वायरमनचा परवाना क्रमांक लिहून घ्या आणि दोन्हींवरची नूतनीकरणाची तारीख उलटून गेलेली नाही ना, तेही पाहा.