बकुळीला पाणी कोण घालणार?

मैत्रिणींनो, जुलै महिन्यात झाड लावतानाचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मोबाइलमध्ये असेल. पदर खोचलेला, छत्री कशीबशी मानेत धरलेली, हातात खुरपं आणि समोर हातभर रोप. त्याच रोपाचा मे महिन्यातला फोटो आहे का हो कुणाकडे? आमच्याकडे नव्हता. फोटो काढावा असं मे महिन्यात काही उरलंच नव्हतं.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. चार मजली सोसायटी, मागच्या भिंतीलगत लांबट पट्टी, आणि त्या पट्टीत इमारत बांधताना उरलेला मुरूम नि विटांचे तुकडे. चार वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने तिथे २२ रोपं लावली. करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ, कडुलिंब. एक बकुळी मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्वतः आणली, यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात. खड्ड्यात माती लोटायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

पावसात रोपं काय तरारली म्हणून सांगू! दिवाळीपर्यंत आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला मागे नेऊन दाखवत होतो. मग फेब्रुवारीत उन्हं चढली. रखवालदार रोज संध्याकाळी होज घेऊन पट्टीवरून फिरायचा. पाणीकपातीच्या वारी तेही नाही. आजी रोज एक तांब्या घेऊन खाली उतरायच्या. मेअखेर २२ पैकी ८ रोपं जिवंत होती आणि बकुळी त्यांत नव्हती. वाळलेली काडी उपटू द्यायला आजी तयार होईनात. "पाऊस पडला की फुटेल," म्हणायच्या. पाऊस पडला, काडी फुटली नाही.

आपल्या ठाण्याच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे इथे झाड पाण्यावाचून मरेल हे कुणाला खरंच वाटत नाही. पण तो सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात येऊन जातो, पुढचे आठ महिने कोरडे. राज्यात २०१६ साली १ जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचा संकल्प झाला, २०१९ साली तर ३३ कोटींचा. लावलेल्या झाडांचे आकडे आपल्याला पाठ असतात. मार्चमध्ये त्यांना पाणी कोणी घातलं, हे विचारायचं राहून जातं.

मी कल्याणच्या एका शाळेत दुपारच्या सत्रात सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे मेलेलं रोप तसंच टाकून द्यायला जीव होईना. एक करंज उकरून पाहिला. मुळं अजून रोपवाटिकेच्या पिशवीच्याच आकारात, गोल गुंडाळलेली. वरची बोटभर माती ओली, तिच्याखाली मुरूम खडखडीत कोरडा. म्हणजे आम्ही रोज पाणी घालत होतो ते मातीच्या तोंडाला, झाडाच्या नाही! वरवरच्या ओलीला मुळं वरच घुटमळतात आणि दुपारच्या उन्हात तीच आधी होरपळतात. रोपाला हवं असतं सावकाश, खोल जाणारं पाणी.

सावकाश पाणी म्हटल्यावर मला एकदम शंकराच्या पिंडीवरची गळती आठवली. वैशाखात देवालाही थेंब थेंब लागतो, आणि त्याच महिन्यात पिंपळाला पाणी घालायची आपली रीत आहे. आपल्या आज्ज्या-पणज्यांना उन्हाळा बरोबर कळला होता म्हणायचा.

शेतकरी यालाच ठिबक म्हणतात. इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरला एक झाड शेजारच्या झाडांपेक्षा कितीतरी मोठं झालेलं दिसलं. पाहतो तर त्याच्या मुळाशी गळका पाइप! त्या गळतीवरून पुढे जे तंत्र उभं राहिलं, त्याचं उत्पादन तिथल्या एका वस्तीत सुरू झालं. आपल्याकडे जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबक गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत नेलं. आपण बाजारातून डझनाने आणतो त्या खानदेशातल्या केळीच्या बागा ठिबकवरच पोसल्या जातात.

आता आमच्या सोसायटीची बैठक. सेक्रेटरी काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "वहिनी, आपल्यालाच पाणी दोन तास येतं. त्यातलं झाडांना द्यायचं?" प्रश्न रास्त होता, रागावण्यासारखा नव्हता. मी आदल्या दिवशीच होजखाली बादली धरून पाहिली होती. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली. रखवालदार पाऊण तास होज धरतो, म्हणजे रोजचे ६७५ लिटर, आठवड्याचे चार हजारांवर. ठिबकने एका रोपाला दोन ड्रिपर, एक ड्रिपर तासाला ४ लिटर देतो. २२ रोपांना मिळून तासाला १७६ लिटर. एक दिवसाआड तासभर सोडलं तर आठवड्याला फार तर सातशे लिटर. काका गप्प झाले. दुसऱ्या एका सदस्यांना वेगळीच काळजी होती: "झाडं जगली तर पुढे तोडायला परवानगी लागेल, १९७५ चा कायदा आहे!" झाड जगण्याआधीच तोडायची चिंता करणारी माणसं प्रत्येक सोसायटीत असतात, आपण त्यांना चहा द्यावा.

खर्च आला एका साध्या सुती साडीएवढा. सामान शेतीच्या दुकानात मिळतं: १६ मिलिमीटरची काळी नळी, ड्रिपर, नळीला भोक पाडायचा पंच, टोकाला लावायचं बूच आणि एक जाळीचा फिल्टर. नळी काळीच घ्या, पारदर्शक नळीत ऊन शिरून शेवाळं धरतं. फिल्टर वाचवू नका, कारण ड्रिपरचं भोक एवढं बारीक असतं की टाकी धुतल्यानंतरचा गाळ त्यात चटकन अडकतो. आमची नळी गच्चीच्या टाकीवरून खाली आलेल्या नळाला जोडली आहे. साधारण दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी ड्रिपरला पुरेसा दाब देतं, आणि चार मजल्यांत तेवढी उंची सहज मिळते. नळी रोपांच्या ओळीने अंथरायची. ड्रिपर खोडाला चिकटवून ठेवायचा नाही. खोड सतत ओलं राहिलं तर कुजतं. दोन्ही बाजूंना वीतभर अंतर ठेवून एकेक.

पहिल्या दिवशी जमिनीवर ताटलीएवढे ओले डाग दिसले आणि सगळ्या जणी नाराज. "एवढंसंच?" मी दुसऱ्या दिवशी एका डागाशेजारी उकरून दाखवलं. वर ताटली, पण खाली ओल कांद्यासारखी फुगलेली. तेव्हा कुठे पटलं.

शाळेत गच्चीची टाकी वापरायची परवानगी नव्हती. तिथे २०० लिटरचा ड्रम विटांच्या चौथऱ्यावर ठेवला आणि दहा रोपांना नळी नेली. दुकानदाराने उत्साहाने महागातले, दाब सारखा राखणारे ड्रिपर दिले. तोटी उघडली, थेंब नाही! मुलं माझ्या तोंडाकडे बघताहेत. ते ड्रिपर ड्रमच्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत, ड्रमला साधे, उघडून धुता येणारे ड्रिपर लागतात. ते बदलल्यावर पाणी आलं, पण ताशी ४ लिटर नव्हे, सव्वा लिटरच्या आसपास. त्याचं काही बिघडत नाही. शाळा सुटताना तोटी उघडायची, सकाळपर्यंत ड्रम रिकामा.

ड्रिपर तुंबलाय हे झाड सुकल्यावर कळून उपयोग नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रिपरखाली पेला धरा. टाकीवरच्या जोडणीत तीन मिनिटांत २०० मिलिलिटर जमायला हवं. आमच्या सातवीच्या मुलांनी ड्रमसाठी हाच तक्ता वेगळा करून वर्गात लावलाय. बोअरिंगचं पाणी असेल तर ड्रिपरवर पांढरा थर बसतो. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवला की सुटतो. नळीच्या टोकाचं बूच पंधरा दिवसांनी काढून पाणी वाहू द्या, गाळ निघून जाईल. आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ड्रममध्ये चुकूनही ओतू नका. ते तांब्यानेच झाडाला घाला.

नळ बंद करायला विसरणं हा माझा दोष. एकदा नळ रात्रभर चालू राहिला आणि सकाळी टाकी कोरडी! त्या दिवशी जिन्यातून खाली उतरायची सोय नव्हती. तेव्हापासून नळ सोडला की स्वयंपाकघरातलं वेळ लावायचं घड्याळ मी पदराला बांधल्यासारखं सोबत ठेवते.

आणखी एक. झाडणारी बाई पालापाचोळा गोळा करून जाळायची, तो आता रोपांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरतो. ओल टिकते. खोडापासून मात्र हातभर नाही तरी वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवीला घरच मिळतं.

रोप वाढलं की ड्रिपरही बाहेर सरकवायचे, फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत, आणि दोनाचे चार करायचे. पाणी पिणारी मुळं तिकडे गेलेली असतात. मग हळूहळू अंतर वाढवायचं. एक दिवसाआडचं चार दिवसांनी, मग आठवड्याने, पण दर वेळी जास्त वेळ. बाळाचं अंगावरचं दूध तोडतो ना, तस्संच. एकदम तोडलं तर रडारड. आमच्या करंजांना गेल्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदाच पाणी दिलं.

ज्यांच्याकडे दोनच रोपं आहेत त्यांनी नळीच्या भानगडीत पडू नये. कच्चा, न रंगवलेला मातीचा माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा, पाणी भरून वर झाकण ठेवावं. झाकण हवंच, डासांसाठी. माठ पाझरतो, मुळं त्याच्याकडे वळतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ही युक्ती सांगितलेली आहे.

मेलेल्या १४ रोपांच्या जागी आम्ही पुढच्या पावसाळ्यात नवी लावली. त्यानंतर तीन उन्हाळे गेले. दोन रोपं गमावली, एक मागे घेणाऱ्या गाडीखाली, दुसरं बकरीच्या तोंडी. बाकीची वीस उभी आहेत. त्यांत आजींची दुसरी बकुळीही आहे. ती सावकाश वाढणारी जात, माझ्या खांद्याला लागलीय एवढंच.

आजी अजून रोज तांब्या घेऊन उतरतात. मी एकदा म्हटलं, "आजी, आता नळी आहे, कशाला गुडघे दुखवता?" त्यांनी तांब्या बकुळीच्या आळ्यात रिता केला आणि वाकून ड्रिपरखाली बोट धरलं. "पडतंय," म्हणाल्या, आणि पुढच्या करंजाकडे गेल्या.